गारांचा हिशेब

माझ्या कपाटात एका पंचनामा यादीची झेरॉक्स आहे. २०१४ च्या मार्चमधली. मूळ कागद आता कुठे असेल देव जाणे. माझी प्रत झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे कडेचे आकडे अर्धे कापले गेले आहेत. रकाने नेहमीचेच. अनुक्रमांक, खातेदाराचे नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि सही किंवा अंगठा. टक्केवारीच्या रकान्यात बहुतेक ओळींना एकच मजकूर आहे : '५० टक्क्यांपेक्षा जास्त'. हा आकडा असा सरसकट का आला, ते पुढे येईलच. पण कागद वाचताना मला पहिल्यांदा खटकले ते वेगळेच. गार कोणत्या दिवशी पडली, किती वाजता, किती वेळ, केवढी, कोणत्या बाजूने आली, यातले एक अक्षर त्यात नाही. उद्या शंभर वर्षांनी कुणी हा कागद वाचला, तर या लोकांच्या पिकाचे काहीतरी वाईट झाले होते, एवढेच त्याला कळेल.

मी वसमत तालुक्यातला. संशोधनाची पद्धत मला कुणी शिकवली नाही. पोटापाण्याचे काम सांभाळून जुने कागद गोळा करणे आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसणे, एवढ्यावर माझे चालले आहे. कुरुंदा आणि आसपासच्या गावांत या गारपिटीबद्दल विचारत फिरायला लागलो, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत हे संपेल असे वाटले होते. घटना अगदी अलीकडची, पाहिलेली माणसे हयात, वर्तमानपत्रे उपलब्ध. पण पुराचा इतिहास लिहिणे आणि गारेचा इतिहास लिहिणे यांत फार फरक आहे. २०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पाणी शिरले, तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ राहिली. ती रेघ दाखवून माणूस सांगू शकतो की पाणी इथवर होते. गार मात्र संध्याकाळी पडते आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत तिचे पाणी झालेले असते. पंचनामा करणारा माणूस येतो तेव्हा तिथे आरोपी नसतोच.

लोकांना तारखा आठवत नाहीत. तसा प्रश्न विचारणेच चूक आहे, हे मला उशिरा समजले. 'कधी पडली?' असे विचारले की माणूस डोके खाजवतो. 'तेव्हा हळद कुठे होती?' असे विचारले की लगेच बोलायला लागतो. पाला कापून झाला होता, काढणी चालू होती, शिजवून टाकली होती, वाळत होती, पॉलिश व्हायची होती. यावरून दिवस चार-पाच दिवसांच्या फरकाने काढता येतो. दुसरी खूण सणांची. त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला होती आणि होळी १६ मार्चला. आमच्याकडे शिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाची यात्रा असते, त्यामुळे यात्रेच्या आधी की नंतर, हे कुणी विसरत नाही. राज्यभरातल्या नोंदी पाहिल्या तर गारपिटीचा काळ फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पसरलेला दिसतो. म्हणजे शिवरात्रीच्या आगेमागे सुरू झालेले हे प्रकरण होळीच्या तोंडावर थांबले. जवळजवळ तीन आठवडे.

तीन आठवडे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गारा आमच्या भागाला नव्या नाहीत. फाल्गुन-चैत्रात एखाद्या संध्याकाळी आभाळ भरते, वावटळ सुटते, पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज होतो, पोरे गारा वेचायला धावतात आणि अर्ध्या तासात सगळे संपते. २०१४ साली ते संपत नव्हते. आज या तालुक्यात, परवा शेजारच्या, चार दिवसांनी पुन्हा इथे. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना झळ पोचली, त्यांत मराठवाड्याचे आणि विदर्भाचे जिल्हे होते, हिंगोलीही होता. वर्तमानपत्रांत प्रत्येक दिवसाची बातमी स्वतंत्र आहे : इथे गारपीट, तिथे गारपीट. रोगाच्या बाबतीत आपण असे करत नाही. एका गावात पटकीचा एक रोगी, दुसऱ्या गावात दुसरा, असे सुटे न मोजता 'साथ आली' असे म्हणतो. अमेरिकेत टोर्नेडो नावाची जी भोवऱ्याची वादळे होतात, त्यांच्याबद्दलही हवामानाचे लोक साथीचाच शब्द वापरतात. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत तिथे १३ राज्यांत १४८ टोर्नेडो झाले, तीनशेहून अधिक माणसे गेली. ते १४८ अपघात आहेत असे तिथे कुणी मानले नाही. एकाच हवेच्या स्थितीची ती साथ मानली आणि तसा तिचा अभ्यास केला. आपली २०१४ ची गारपीट हीदेखील साथच होती, असे माझे म्हणणे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी तिच्यावर लिहिताना सगळ्या काळाचा एकत्र विचार केला आणि ती अभूतपूर्व ठरवली. गावपातळीवरच्या आमच्या कागदांत मात्र ती अजून सुटी-सुटीच पडली आहे.

टोर्नेडोचे नाव उगाच घेतले नाही. गार आणि टोर्नेडो एकाच आईची लेकरे आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे जमीन तापायला लागते. खालच्या थरात बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आले, आणि त्याच वेळी भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी प्रक्षोभाचे थंड, कोरडे वारे वरून दक्षिणेकडे सरकले, की हवेची उतरंड डळमळते. खाली ऊन आणि ओल, वर गारठा. तशात जमिनीपासून उंचीवर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असेल, तर ढग उभा राहतो, टिकतो, कधी स्वतःभोवती फिरूही लागतो. त्याच्या पोटातला वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर नेऊन तिथेच तोलून धरतो. बर्फाच्या कणावर थर चढत जातात. गार मधोमध कापली तर कांद्यासारखी पापुद्र्यांची दिसते, ती यामुळे. लिंबाएवढी गार तोलून धरायला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा, सरळ वर जाणारा वारा लागतो. वजन त्याला पेलेना झाले की ती सुटते. त्याच ढगातले फिरणे जमिनीला टेकले तर टोर्नेडो होतो. भारतात त्यांचा मुलूख मुख्यतः बंगाल, ओडिशा आणि काही प्रमाणात वायव्येकडचा. ८ एप्रिल १८३८ ला कलकत्त्याजवळ झालेल्या टोर्नेडोत २१५ माणसे मेली आणि त्याच्याबरोबर मोठ्या गाराही पडल्या. १७ मार्च १९७८ ला खुद्द दिल्लीत टोर्नेडो झाला. दख्खनच्या वाट्याला बहुधा गारच येते. पावसाळ्यात मात्र ढग कितीही मोठा असला तरी गारा क्वचित. तेव्हा गोठणपातळी फार उंच असते आणि खाली येईपर्यंत गार विरघळते.

गारेची मोजदाद पूर्वी झालीच नाही असे नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. पुढे त्याचे प्रमुख झालेल्या जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातल्या ५९७ गारपिटींचा आढावा १८९९ मध्ये छापला. त्याच काळात ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबाद आणि बरेलीकडे गारांनी २४६ माणसे मारली होती. जगातल्या भयंकर गारपिटींत तिचे नाव अजून घेतात. पण असल्या नोंदी गोळा होत त्या निरीक्षण केंद्रावरून आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या पत्रांतून. आमचा परभणी जिल्हा (हिंगोली त्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला) तेव्हा निजामाच्या राज्यात. आणीवारीचे आणि तहशिलीचे दप्तर होते, पण आणीवारी वर्षाच्या पिकाची असते. अर्ध्या तासात गेलेले पीक तिच्यात दिसते ते सरासरीत विरघळून.

या शोधात एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली, आणि खरे सांगायचे तर तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात 'गारपगारी' नावाच्या जातीवर एक प्रकरण आहे. गावावरची गार परतवून लावणे हे त्यांचे वंशपरंपरेचे काम. मूळ नाथपंथी जोग्यांशी त्यांचे नाते, वस्ती नागपूर, वर्धा, चांदा आणि वऱ्हाडकडे. पैनगंगा ओलांडली की आमचा मुलूख सुरू होतो, तेव्हा हा रिवाज आमच्या लोकांना अगदीच परका नसावा.

त्या प्रकरणात वर्णन असे आहे : रात्री आभाळात धूर आणि ज्वाळा मिसळल्यासारखा काळा-तांबडा रंग दिसला की गारपगाऱ्याला कळे की गार येणार. तो तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. विनवणीने भागले नाही तर धमकी. अंगावरचे कपडे फेकून देई, जीव देतो म्हणे. कधी बायकामुलांना आणून देवळापुढे उभे करी. पूर्वी अंगावर वारही करून घेत, लेखकांच्या काळापर्यंत ते बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर आले होते. या कामाबद्दल शेतकऱ्यांकडून सुगीला त्याला धान्य मिळे. हेही मोडत चालले होते. लोक पुरेसे देईनासे झाले होते.

यावर हसणे सोपे आहे. मीही पहिल्यांदा वाचताना हसलो. मग लक्षात आले की या व्यवस्थेत एक माणूस असा होता, ज्याचे पोट आभाळ बघण्यावर अवलंबून होते. गावातल्या कुणापेक्षा जास्त वेळा त्याने ढगाचा रंग पाहिलेला असणार, आणि गार कोणत्या शिवारात पडली हे त्याला माहीत असणे भागच होते, नाहीतर त्याला धान्य कुणी दिले असते? देवाला धमकावून ढग हटत नसतो हे खरेच. पण गारेसाठी नेमलेला एक माणूस गावात होता. आज कोतवाल आहे, तलाठी आहे, कृषी सहायक आहे, मंडळाच्या गावी पर्जन्यमापक आहे. पर्जन्यमापक पाणी मोजतो. गारा त्यात पडल्या तर विरघळून तेही मिलिमीटरच होतात. नंतर महावेधच्या योजनेत राज्यभर दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली; ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळे नोंदवतात. गार नोंदवत नाहीत.

आणि गारेचा पट्टा तर असा अरुंद असतो की मंडळाचे गाव कोरडे आणि दीड कोसावरचे शिवार उघडे, असे सर्रास होते. एकाच गटातल्या दोन भावांपैकी एकाचा हरभरा झोडपलेला आणि दुसऱ्याचा उभा, हेही मी ऐकले आहे. त्या दोघांत पुढे बोलणे राहिले नाही, कारण पंचनाम्यात दोघांची टक्केवारी सारखी लागली. मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर चालणारा पीकविमा अशा ठिकाणी काय करणार? २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही 'स्थानिक आपत्ती' धरून एकेका शेताचे नुकसान पाहण्याची सोय झाली, सुरुवातीला ४८ तासांत कळवण्याची अट घालून. ही सुधारणा मोठी आहे, आणि तिचा पाया २०१४ आणि २०१५ या दोन लागोपाठच्या वर्षांनी घातला असे मला वाटते.

आता त्या ५० टक्क्यांकडे येतो. आपत्ती मदतीच्या तेव्हाच्या केंद्रीय निकषांत शेतीचे नुकसान निम्म्याहून जास्त असेल तरच मदत बसत असे. त्यामुळे लिहिणाऱ्यापुढे दोनच दारे होती, आत किंवा बाहेर. पस्तीस टक्के नुकसान झालेल्या माणसाला खरे लिहून बाहेर ठेवायचे की खोटे लिहून आत घ्यायचे? माझ्या यादीतले सरसकट '५० टक्क्यांपेक्षा जास्त' वाचून मला लिहिणाऱ्याचा राग येत नाही. तो माणूस आपल्या परीने दयाळू होता. पण त्या दयेपायी खरा आकडा कायमचा गेला. एप्रिल २०१५ मध्ये ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. तेव्हापासूनच्या यादीत '३३ टक्क्यांपेक्षा जास्त' असे सरसकट लिहिलेले सापडते.

मदतीची कथाही सरळ नाही. ५ मार्च २०१४ ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली. गारा पडतच होत्या. राज्य सरकारला मदत जाहीर करायची तर निवडणूक आयोगाची संमती हवी. ती मिळवून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने सुमारे ४,००० कोटींची मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,०००, फळबागेला २५,००० रुपये, तेही २ हेक्टरांपर्यंत. त्या आठवड्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्याही रोज येत होत्या.

हळदीचा हिशेब या तीन दरांत कुठे बसतो, हे आमच्याकडच्या माणसाने विचारावे. वसमतचा हा पट्टा हळदीचा. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर इथे हळद, ऊस, केळी उभी राहिली. हळद नऊ महिने जमिनीत असते. गार पडली तेव्हा ती जमिनीत असती तर वाचली असती, पाला एवीतेवी वाळलेलाच. पण फेब्रुवारी-मार्च हा काढणीचा, शिजवण्याचा आणि वाळवण्याचा काळ. शिजवलेली हळकुंडे पंधरा दिवस उघड्यावर, उन्हात पसरलेली असतात. ती भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते, पॉलिश घेत नाही. हे नुकसान गट क्रमांकावर उभ्या पिकाचे नसते. माल आखाड्यावर किंवा खळ्यावर असतो. पंचनाम्याच्या 'पीक' या रकान्यात 'हळद (वाळत घातलेली)' असे लिहायला जागाच नाही. गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे फुटले, टाळकी ज्वारी कणसासह मोडली, केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या, हे सगळे दिसते आणि लिहिता येते. नऊ महिने राखलेल्या आणि शेवटच्या पंधरा दिवसांत गेलेल्या हळदीबद्दल लोक अजून ज्या सुरात बोलतात, तो सूर कागदावर कसा आणायचा ते मला जमत नाही.

पंचनाम्याला मी नावे ठेवत असलो तरी माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे, आणि तो टेड फुजिता यांच्यामुळे. हे जपानी गृहस्थ १९४५ मध्ये तरुण अध्यापक होते. नागासाकीला बाँब पडल्यावर ते पाहणीला गेले आणि स्मशानातल्या बांबूच्या फुलदाण्यांवर कोणत्या बाजूने जळल्याच्या खुणा आहेत ते पाहून स्फोट किती उंचीवर झाला असेल याचा अंदाज त्यांनी बांधला. पुढे शिकागोला जाऊन त्यांनी टोर्नेडोचा अभ्यास केला. टोर्नेडोच्या पोटात वारा मोजणारे यंत्र टिकत नाही, म्हणून त्यांनी मोडलेली घरे आणि झोपलेली शेते वाचायला सुरुवात केली. १९७१ मध्ये त्यांनी दिलेली मोजपट्टी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती मुळात नुकसानीची मोजपट्टी आहे. १९७४ च्या साथीनंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून हिंडून १४८ वादळांच्या वाटा नकाशावर काढल्या. काही ठिकाणी झाडे गोल फिरून पडण्याऐवजी मध्यापासून चहूकडे पडलेली दिसली; त्यावरून वरून खाली आदळणाऱ्या वाऱ्याचा एक वेगळाच प्रकार त्यांनी शोधून काढला.

म्हणजे फुजितांनी केला तो पंचनामाच. फरक इतका की पिकाची टक्केवारी लिहिताना त्यांनी पीक कोणत्या दिशेला पडले तेही लिहिले. आमच्या तलाठ्यांनी २०१४ च्या मार्चमध्ये जितकी शेते पायी तुडवली, तितकी कुठल्याही शास्त्रज्ञाने तुडवली नसतील. प्रत्येक ओळीला गट क्रमांक आहे, आणि गट क्रमांक म्हणजे नकाशावरची जागा. मी माझ्या यादीतले गट गावनकाशाच्या प्रतीवर रंगीत पेन्सिलीने भरून पाहिले. सरसकट टक्केवारीमुळे फारसे हाती लागेल असे वाटत नव्हते. तरी रंगवलेल्या गटांची एक तिरपी पट्टी उमटली, आणि पट्टीबाहेर सुटलेले काही ठिपके. ते ठिपके दयेचे असावेत, असा माझा अंदाज. पट्टीच्या दिशेबद्दल मी लोकांना विचारले तेव्हा कुणी आंब्याची सोललेली बाजू दाखवली, कुणी आखाड्याच्या कोणत्या पाखीचे पत्रे चाळणीसारखे झाले ते सांगितले. दहा वर्षांनंतरही झाडाच्या सालीवर वण आहेत. एका गावाच्या नकाशावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. तालुक्यातल्या पन्नास गावांच्या याद्या अशा भरल्या तर त्या तीन आठवड्यांत ढग कुठून कुठे गेले, ते एक होते की अनेक, हे काढता येईल.

त्यासाठी याद्या हव्यात, आणि त्यांचे आयुष्य थोडे. अनुदान वाटून झाले की त्यांचे काम संपते. अशा याद्यांसाठी मी एका कार्यालयात तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी एका कर्मचाऱ्याने मला मागच्या खोलीतला गठ्ठ्यांचा ढीग दाखवला. वरचे गठ्ठे पावसात भिजून एकमेकांना चिकटले होते. भिजलेल्या हळदीच्या याद्याही भिजलेल्याच, असे तोच म्हणाला.

म्हणून आता दुसऱ्या वाटेने निघालो आहे. हळद विकली की अडत दुकानातून पट्टी मिळते. तिच्यावर तारीख असते, वजन असते, भाव असतो. ज्या ढिगाला त्या हंगामात बाजारापेक्षा फार कमी भाव लागला, तो बहुधा भिजलेला. एप्रिल-मे २०१४ च्या अशा पट्ट्या लोकांच्या ट्रंकेत, पासबुकाच्या पिशवीत अजून आहेत. आतापर्यंत माझ्याकडे त्या थोड्याच जमल्या. त्यांच्या जोडीला सालदारांच्या उचलीच्या वह्या, शिजवणीच्या मजुरीचे हिशेब, यात्रेच्या आसपास मोबाइलवर काढलेले गारांचे फोटो. फोटोत गारेशेजारी लिंबू, सुपारी, रुपयाचे नाणे असे काही असेल तर फारच उत्तम. नाण्याचा व्यास ठरलेला असतो. वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या कुणा वाचकाच्या घरी असे कागद असतील, तर मूळ कागद नकोत, झेरॉक्स चालेल. फक्त कडेचे आकडे कापले जाणार नाहीत, एवढे बघावे.